घरच्या पदार्थांचं ई-पुस्तक: लोक उतरवून घेतात, पण वाचत का नाहीत?

प्रश्न अमळनेरच्या एका ताईंचा आहे. सासूबाईंकडून आणि गल्लीतल्या जुन्या बायकांकडून त्यांनी खान्देशी पदार्थ लिहून घेतले, वर्डमध्ये टाइप केले, पीडीएफ काढली आणि नातेवाइकांच्या, शाळेच्या, माहेरच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवली. पुस्तक दोनशेच्या वर पानांचं. 'छान', 'अभिनंदन', जोडलेले हात भरपूर आले. पण त्यातला एखादा पदार्थ करून पाहिला असं सांगणारी एक भाचीच निघाली. आता त्यांना ते ॲमेझॉनच्या किंडलवर आणायचंय. त्या विचारतात: वाचक धरून ठेवेल असं ई-पुस्तक लिहायचं कसं? पदार्थ किती ठेवावेत, अहिराणी बोली ठेवावी की काढावी, बहिणाबाईंच्या ओळी घेता येतील का, किंमत काय लावावी?

ताई, तुमची पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ऐवज खरा आहे. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ किती आंबू द्यायचं, पुरणाचा मांडा ताणताना हात कसे धरायचे, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती, हे तुम्ही ज्या बायकांकडून आणलंत त्यांच्यानंतर कोणाला आणता येणार नाही. मी जळगावात ई-पुस्तकांचं संपादन आणि बांधणी करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक हस्तलिखितांत सांगण्यासारखंच थोडं असतं. तुमच्याकडे ते भरपूर आहे. अडचण एवढीच, की पुस्तक सगळ्यांसाठी लिहिलं गेलं आणि कागदाच्या मापानं बांधलं गेलं.

आधी वाचक ठरवा. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघणार आहेत. सध्या तुमचं पुस्तक तीन जणींशी एकदम बोलतं. पहिली पारोळ्या-धरणगावची गृहिणी, जिला हे सगळं येतं. दुसरी सांगली-कोल्हापूरकडची, जिनं शेवभाजी एखाद्या हॉटेलात खाल्लीये आणि नाव लक्षात राहिलंय. तिसरी म्हणजे जळगाव, धुळे, शहाद्याहून शिक्षणाला किंवा नोकरीला पुण्यात गेलेली लेक. ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहते, रविवारी भरीत करायला घेते, आईला फोन लावते आणि आई म्हणते, 'अंदाजानं घाल.' पहिलीला पुस्तकाची गरज नाही. दुसरीला उत्सुकता आहे, पण उत्सुकतेपोटी माणूस पुस्तक उतरवून घेतो आणि विसरतो. तुमची भाची, जिनं एकटीनं पदार्थ करून पाहिला, ती या तिसऱ्या गटातली असणार. तीच पैसे मोजून पुस्तक घेईल आणि मैत्रिणींना सांगेल.

ती डोळ्यांसमोर ठेवून तुमचंच वाक्य वाचा: 'वांगी पऱ्हाटीच्या जाळावर खरपूस भाजून घ्यावीत.' तिच्या तिसऱ्या मजल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, कुठून येणार? 'खापरावर मांडा टाकावा.' तिच्याकडे मातीचं खापर नाही, पण लोखंडी कढई उलटी ठेवता येते. 'अर्धा शेर तुरीची डाळ' घेऊन आमटी केली तर दोघांच्या घरात ती तीन दिवस पुरेल. सासूबाईंची रीत काढून टाका असं मी मुळीच म्हणत नाही. ती आधी दोन ओळींत सांगा, आणि लगेच त्याच परिच्छेदात तिच्या ओट्यावर काय करायचं ते सांगा. या पुस्तकाचं खरं काम तेच आहे. पऱ्हाटीपासून गॅसपर्यंत चव कशी आणायची हे मला तरी कुठं नीट लिहिलेलं सापडलेलं नाही, आणि सासूबाई व तुम्ही मिळून ते सांगू शकता.

आता सुरुवात. तुमच्या पीडीएफमध्ये पहिला पदार्थ एकतिसाव्या पानावर येतो. त्याआधी अर्पणपत्रिका, दोन शुभेच्छापत्रं, मनोगत, ऋणनिर्देश आणि 'खान्देशचा ऐतिहासिक वारसा' हे प्रकरण आहे. छापील पुस्तक हातात घेतलेला माणूस मधूनच कुठंही उघडतो, म्हणून तिथं हे खपून जातं. ई-पुस्तकाचा ग्राहक दुकानात उभा राहून पानं चाळू शकत नाही. त्याला फुकट नमुना मिळतो, आणि किंडलवर तो नमुना म्हणजे पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहावा हिस्सा. तुमच्या बाबतीत नमुना संपेपर्यंत चुलीवर काही चढलेलंच नसेल. वाचणारी मुलगी शुभेच्छापत्रं पाहून परत फिरेल, आणि आत काय होतं हे तिला कधी कळणार नाही.

अर्पणपत्रिका एका ओळीची ठेवा. ऋणनिर्देश मागे न्या. तिथं तो आदरानं आणि सविस्तर लिहिता येतो, ज्यांची नावं आहेत ते शेवटचं पानही उघडतातच. शुभेच्छापत्रं गाळा. इतिहासाच्या प्रकरणाचं काय करायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही त्यावर मेहनत घेतली आहे. त्यातली माहिती चांगली आहे, जागा चुकली आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही बाराव्या पानावर लिहिलंय. ते भरताच्या पाककृतीत, वांगं निवडण्याच्या जागी एका वाक्यात टाका. वाचणारी तेव्हा बाजारात वांग्यांपुढे उभी असते आणि हेच वांगं का, असा प्रश्न तिला पडलेला असतो. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची माहिती तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या प्रकरणात जाऊ द्या, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मांड्यांच्या. इतिहास असा जेवताना ताटात वाढला की पोटात जातो.

पहिलं पान कसं असावं ते तुमच्याच मजकुरावर दाखवतो. आत्ता ते असं आहे: 'खान्देशच्या पावन भूमीला समृद्ध वारसा लाभलेला असून येथील खाद्यसंस्कृती विविधतेने नटलेली आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यात वसलेल्या या प्रदेशातील पदार्थांची चव अवर्णनीय अशीच आहे.' यातला 'खान्देश' काढून 'कोकण' घाला, तापी-गिरणेच्या जागी दुसरी नदी घाला, वाक्य तसंच उभं राहतं. जे वाक्य कोणत्याही प्रदेशाला चालतं ते तुमच्या पुस्तकात नको. आणि चव अवर्णनीय असेल तर पुस्तक कशासाठी लिहायचं?

त्याऐवजी पहिल्याच पानावर भरीत येऊ द्या. तुम्ही दिलेल्या माहितीतूनच, फक्त क्रम बदलून, मी असं लिहीन:

'भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं घ्यायचं. एकाच आकाराची दोन वांगी दोन हातांत धरा. जे हलकं लागेल ते घ्या, त्यात बी कमी. आमच्याकडे ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजायची असतील तर आधी सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेनं वांगं फुटतं. वरून तेलाचं बोट फिरवा आणि मध्यम आचेवर सगळीकडून फिरवत राहा. साल काळी पडली म्हणजे वांगं झालं असं समजू नका. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो. सुरी तिथं घालून पहा. अडखळली नाही तर उतरवा आणि झाकून ठेवा. दहा मिनिटांत साल हातानं सुटते.'

इथं एकही विशेषण कौतुकाचं नाही. तरी ज्याला हे करायचंय त्याचं पुढचं पान उलटतं, कारण त्याला दोन गोष्टी अशा कळल्या ज्या आधी माहीत नव्हत्या: हलकं वांगं आणि देठाजवळची सुरी. दोन्ही तुमच्या सासूबाईंच्या आहेत. तुमच्या पीडीएफमध्ये त्या अनुक्रमे सत्तेचाळिसाव्या आणि एकोणपन्नासाव्या पानावर, 'विशेष सूचना' या चौकटीत, बारीक अक्षरांत दडल्या होत्या. जी गोष्ट फक्त तुम्हालाच सांगता येते ती चौकटीत ढकलायची नाही. ती मजकुराच्या मध्यावर हवी.

अहिराणीबद्दल तुम्ही बिचकत विचारलंय. बिचकू नका. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, लग्नानंतर जळगावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं; त्यांनी रचलेलं त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि इतरांनी कागदावर उतरवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. रावेर-यावल-जळगावच्या पट्ट्यातली बोली अख्ख्या महाराष्ट्रानं वाचली. ती समजून सांगायला शब्दाशब्दाला कंस घालावे लागले नाहीत, कारण ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय ती डोळ्यांपुढे स्वच्छ उभी होती.

म्हणून माझा सल्ला असा. कृती साध्या मराठीत लिहा, कारण गॅस पेटलेला असताना वाचणारीला अडायला नको. भांड्यांची, पदार्थांची, सणांची नावं आहेत तशी ठेवा: बडगी, खापर, बिबडे, डुबुकवडे, कळणं, आखाजी. अर्थ वाक्यातच कळू द्या, जसा वर पऱ्हाटीचा कळला. आणि बायकांचं बोलणं त्यांच्याच बोलीत ठेवा. तुमच्या सासूबाईंचं एक वाक्य तुम्ही टिपलंय: 'वांगं भाजाई गयं का साल आपोआप निंघस.' पुस्तकात मात्र ते 'वांगे भाजल्यावर साल सहज निघते, असे त्या सांगतात' असं झालं. पहिल्या वाक्यात माणूस बोलतो. दुसऱ्यात कोणीच बोलत नाही. आणि पुण्यातल्या त्या मुलीला आजीचा आवाज ऐकू आला तर ती पुस्तक खाली ठेवणार नाही. शेवटी शब्दकोश जोडला आहे तो काढा. फोनवर वाचताना मागे जाऊन शब्द बघून पुन्हा आपल्या जागी येणं कोणी करत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. जी बोली जिची, ती तशीच राहू द्या. यावलच्या लेवा समाजातल्या बाईंच्या तोंडी अमळनेरची अहिराणी घालू नका, आणि शिरपूरच्या बाईंनी सांगितलेलं पारोळ्याच्या वळणावर नेऊ नका. खान्देशातला वाचक हे एका ओळीत ओळखतो आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता पीडीएफ. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो, फोनचा पडदा साधारण सात. म्हणजे कागदावरचं बारा पॉइंटाचं अक्षर फोनवर चार पॉइंटाचं होतं. रोमन अक्षर इतक्या बारीक आकारात कसंबसं वाचता येतं. आपल्या वेलांट्या, उकार, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. मग वाचणारा दोन बोटांनी मोठं करतो, ओळ डावी-उजवीकडे सरकवतो आणि तिसऱ्या ओळीला सोडून देतो. तुमच्या दोनशे पानांचं असं झालं. लोकांना वाचायचं नव्हतं असं समजून मन लावून घेऊ नका.

यावर उपाय म्हणजे ईपब, ई-पुस्तकांसाठीचा फाइलचा प्रकार. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतः ओळी पाडतो आणि वाचणारा अक्षर हवं तेवढं मोठं करतो. तुमच्या वर्डच्या फाइलमधून ईपब करायला फार शिकावं लागत नाही: गूगल डॉक्समध्ये उघडून ईपब म्हणून उतरवता येतं, लिबरऑफिसमधूनही निघतं, आणि बारीक दुरुस्त्यांसाठी सिजिल किंवा कॅलिबर फुकट मिळतात. पण लिहितानाच काही सवयी बदलाव्या लागतात. ईपबमध्ये पान क्रमांक स्थिर नसतात, म्हणून 'पान ८४ पहा' असं लिहू नका; त्या पदार्थाच्या नावाला दुवा द्या. 'वरील छायाचित्रात' म्हणू नका, छायाचित्र तोवर मागे गेलेलं असतं. तुमची साहित्याची तीन रकान्यांची कोष्टकं फोनवर तुटतील. साहित्य एकाखाली एक साध्या ओळींत द्या. आणि परिच्छेद छोटे करा. कागदावर आठ ओळींचा परिच्छेद बरा दिसतो, फोनवर तो अख्खा पडदा व्यापतो, आणि हात कणकेनं भरलेली बाई त्यात आपण कुठं होतो ते शोधत बसते.

टंकलेखनाबद्दल दोन गोष्टी, कारण तुमच्या फाइलमध्ये दोन्ही आहेत. दिवाळीच्या फराळाचं प्रकरण बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालंय. पीडीएफमध्ये ते ठीक दिसतं, पण ईपब केल्यावर तिथं रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रूपांतर करणारी साधनं रफार आणि जोडाक्षरांत हमखास चुकतात. दुसरं म्हणजे 'पऱ्हाटी'. तुम्ही सगळीकडे 'प-हाटी' असं मध्ये आडवी रेघ घालून लिहिलंय, 'बऱ्याच'चंही तसंच. फोनवर ओळ मोडली की 'प-' वर राहतो आणि 'हाटी' खाली जातं, आणि पुस्तकात शब्द शोधला तर सापडत नाही. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह किंवा य, असं टाइप केलं की अक्षर बरोबर उमटतं. फाइलची भाषाही 'मराठी' म्हणून नोंदवा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. भाषा हिंदी राहिली तर आपल्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल दिसतो.

मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करायचा मोहही आवरा. 'खाद्यसंस्कृतीविषयक'सारखा लांब शब्द आला की अरुंद पडद्यावर आधीच्या ओळीत बोट घालण्याएवढ्या फटी पडतात. डावीकडून सरळ पुरे.

फोटो तुम्ही सजवलेल्या ताटांचे दिलेत. ते एक-दोन राहू द्या. वाचणारीला फोटो लागतो तो अडण्याच्या जागी: वांग्याची साल कुठवर काळी व्हावी, पुरण कितपत घट्ट झालं म्हणजे मांड्यात भरता येतं, बिबड्याचं शिजलेलं पीठ पळीतून कसं पडतं. असे फोटो सुबक नसले तरी चालतात. मात्र किंडलच्या बहुतेक यंत्रांचा पडदा काळा-पांढरा असतो. 'फोटोतल्यासारखा तांबूस रंग येईपर्यंत' हे तिथं निरर्थक ठरतं. रंगासोबत वास किंवा आवाज सांगा: लसणाचा उग्रपणा जाऊन गोड वास सुटला, फोडणीतला तडतडाट थांबला. या खुणा चुलीला आणि गॅसला दोन्हीकडे चालतात, आणि तुमच्या आज्यांनी त्याच वापरल्या असतील.

मापांबद्दल थोडं कडक बोलतो. 'अंदाजे', 'चवीनुसार', 'गरजेनुसार' हे शब्द तुमच्या हस्तलिखितात पानोपानी आहेत. मिठाला चवीनुसार ठीक. पण कळण्याच्या पिठात 'उडीद अंदाजे' म्हटलं तर पुस्तक आणि आईचा फोन यांत फरक काय राहिला? सासूबाईंना मूठ भरून उडीद घ्यायला सांगा, ते वाटीत ओता, वाटी मोजा. त्यांच्या हाताला येतं ते आकड्यात आणणं हे कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्या पुस्तकाची किंमत त्यावरच ठरणार आहे.

मग पुस्तक तपासायला द्या, आणि तपासायला म्हणजे कौतुकाला नव्हे. खान्देशाबाहेरची एक ओळखीची मुलगी गाठा. तिच्या फोनवर एका पदार्थाची ईपब द्या, तिला तो करू द्या आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तिनं विचारलं तरी सांगू नका, फक्त लिहून घ्या. ती कुठं मागे सरकवते, कुठं दोनदा वाचते, कुठं गॅस बंद करून वाचायला लागते. जिथं गॅस बंद केला तिथं तुमचा क्रम चुकलेला असतो: एखादी गोष्ट आधी करून ठेवायची होती आणि तुम्ही ती उशिरा सांगितली. डुबुकवड्यांच्या कृतीत हेच होईल असं मला वाटतं. तुम्ही रस्सा उकळायला ठेवल्यावर बेसन भिजवायला सांगितलंय. पाककृती सोडून इतर विषयांच्या पुस्तकांनाही मी हीच पद्धत लावतो. केळीवर लिहिलेलं पुस्तक रावेरच्या तरुण शेतकऱ्याच्या हातात देऊन त्याचं बोट कुठं थांबतं ते बघायचं, कथा असेल तर वाचणारा फोन कधी खाली ठेवतो ते बघायचं. 'कसं वाटलं?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळे 'छान' म्हणतात, तुम्ही तो अनुभव घेतलाच आहे.

लांबी. एकशे चाळीस पदार्थ आहेत. त्यातले साबुदाण्याची खिचडी, शिरा, गुलाबजाम, पाव-भाजी काढा. ते तुमच्याकडून शिकायला कोणी येणार नाही. उरलेल्यांतून एका पुस्तकासाठी चाळीसच्या आसपास निवडा, ज्यांच्यात वर सांगितलेली हलक्या वांग्यासारखी एक तरी खूण आहे. बाकीचे वाया जात नाहीत. मला तर तुमच्या ऐवजाची तीन छोटी पुस्तकं दिसतात: एक, हिवाळ्यातलं भरीत, कळण्याची भाकरी आणि त्यासोबतच्या भाज्या; दुसरं, आखाजीचे मांडे, आमरस आणि उन्हाळ्याची वाळवणं; तिसरं, श्रावणातले कानबाईचे रोट आणि सणांचे पदार्थ. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. पुण्यात, नाशकात, सुरतेत राहणारी खान्देशी कुटुंबं त्याच्या आधीच्या आठवड्यात रोटांचं माप शोधत असतात. पुस्तक तेव्हा समोर असलं पाहिजे. कागदी पुस्तकाला छपाईचा खर्च भरून काढायला जाडी लागायची. ई-पुस्तकाला ती सक्ती नाही, आणि छोटं पुस्तक संपवलेली वाचक दुसरं घेते.

नाव. 'खान्देशी खाद्यसंस्कृती: एक मागोवा' हे प्रबंधाचं नाव झालं. कोणासाठी आणि काय, हे नावात यावं: 'गॅसवरचं खान्देशी भरीत आणि हिवाळ्याची चाळीस जेवणं' असं काही. मुखपृष्ठ दुकानात अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं, म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत तीन-चार शब्द आणि एकच वस्तू ठेवा. किंडलसाठी ते १६०० बाय २५६० पिक्सेलचं करा. पुस्तक नोंदवताना शोधशब्दांच्या सात जागा मिळतात. लोक 'खान्देश' आणि 'खानदेश' दोन्ही लिहितात, आणि बरेच जण रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. तिन्ही रूपं तिथं भरा.

हक्कांचं उरलंय. बहिणाबाईंचा संग्रह त्यांच्या निधनानंतर प्रथमच छापला गेला. अशा लेखनाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे तो २०१२ च्या अखेरीस संपला. त्यांच्या ओळी घेता येतील. मात्र नंतरच्या आवृत्त्यांतल्या इतरांच्या टिपा, प्रस्तावना, चित्रं उचलू नका, आणि ओळी जुन्या छापील प्रतीवरून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या ओळींत मोडतोड फार असते. एक-दोन जागीच घ्या, जिथं त्या पदार्थाशी किंवा त्या कामाशी थेट भिडतात. आणि इंटरनेटवरून घेतलेले जे चार-पाच फोटो तुमच्या फाइलमध्ये दिसतात ते आजच काढा.

गल्लीतल्या ज्या बायकांनी पदार्थ सांगितले त्यांना विचारून, त्यांना हवं असेल तर प्रत्येक पदार्थाखाली त्यांचं नाव आणि गाव द्या. सगळ्यांना मिळून मागे एक आभाराचं वाक्य पुरेसं नाही. सासूबाईंचं नाव तर मुखपृष्ठावर तुमच्या नावाबरोबर यायला हवं असं माझं मत आहे. किंडलवर एकाहून अधिक लेखक नोंदवता येतात.

किंडलवर ई-पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही; ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. इतरत्र हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो. लेखकाला मिळणारा वाटा ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत घालावं लागतं, आणि त्याची अट अशी की त्या ९० दिवसांच्या मुदतीत तेच पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठंही देता येत नाही, फुकटसुद्धा. तुमची पीडीएफ गटागटांवर फिरते आहे. म्हणून नवं पुस्तक खरोखर नवं लिहा, जुनी पीडीएफ स्वतःहून पाठवणं बंद करा, आणि जिथं ती तुमच्या हातानं कुठं ठेवलेली असेल तिथून काढा. सिलेक्टमधून किंडल अनलिमिटेडचे, म्हणजे वर्गणी भरून वाचणारे, वाचक मिळतात, आणि तिथं पैसे उतरवून घेतलेल्या प्रतींवर नाही, वाचलेल्या पानांवर मिळतात. ही बंधनं नको वाटली तर ३५ टक्क्यांवर राहून गूगल प्ले बुक्सवरही तेच ईपब ठेवता येतं. पहिल्या छोट्या पुस्तकाची किंमत एका साध्या थाळीपेक्षा कमी ठेवा. फुकट ठेवू नका. फुकट काय होतं ते पाहून झालंय.

प्रकाशित करण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये आणि दोन वेगवेगळ्या फोनवर, अक्षर सगळ्यात मोठं करून, पूर्ण पुस्तक उघडून पहा. नंतर चूक सापडली तर दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते, वाचकांनी कळवलेली मापं तपासून बदलता येतात. त्यासाठी शेवटच्या पानावर एक ई-मेल पत्ता द्या, पुस्तकापुरता वेगळा काढलेला.

सुरुवात भरीत, कळण्याची भाकरी आणि डुबुकवडे या तीनच पदार्थांनी करा. तेवढ्याची ईपब झाली की मला पाठवा, सोबत त्या मुलीनं करून पाहताना तुम्ही लिहून घेतलेला कागदही. कागदाचा फोटो चालेल.